सेंट स्टीफनचे प्रार्थनामंदिर आणि कॉमन्सचे सभागृह : एका वास्तूच्या श्राव्यतेचा इतिहास

(१)

जुनी वास्तू नव्या कामासाठी वापरावयाची ठरली म्हणजे तिचा पाया, भिंती, छप्पर आणि जिने यांची तपासणी प्रथम होते. तीत बोललेले ऐकू येईल की नाही, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी, आणि पुष्कळदा पहिल्या सभेच्या दिवशीच, उपस्थित होतो. मग पडदे लावले जातात, छताखाली दुसरे छत बसविले जाते, भिंतींना लाकडाचे अस्तर दिले जाते. या उपायांचा इतिहास हा स्थापत्यविशारदांचा व पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकांचा विषय आहे, इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यात का शिरावे, अशी शंका साहजिकच येईल. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या शंकेचे उत्तर देण्याचा आहे.

आपल्याकडे आधुनिक भारताच्या इतिहासाचा अभ्यास करणारा विद्यार्थी ब्रिटिश पार्लमेंटमधील वादविवादांचे छापील खंड नित्य हाताळतो. वॉरन हेस्टिंग्जवरील आरोपांची चर्चा, १८१३ व १८३३ सालच्या कंपनीच्या सनदांवरील भाषणे, ही सर्व आपण त्या खंडांतून उद्धृत करतो. उद्धृत करताना आपली अशी समजूत असते की, वक्ता जे बोलला तेच कागदावर उतरले आहे. परंतु वक्त्याचे ओठ आणि छापील पृष्ठ यांच्या दरम्यान एक खोली उभी होती. त्या खोलीची उंची, तिच्या भिंती, तीतील माणसांची दाटी आणि ऐकणारा कोठे बसला होता, या गोष्टींवर काय ऐकले गेले व म्हणून काय लिहिले गेले हे अवलंबून होते. ही खोली मुळात वादविवादासाठी बांधलेलीच नव्हती. ते एक प्रार्थनामंदिर होते. जवळजवळ तीन शतके ते लोकप्रतिनिधींच्या कामी आले, आणि त्या काळात त्याला ऐकण्याजोगे करण्याचे प्रयत्न पुनःपुन्हा झाले. त्या प्रयत्नांचा मागोवा घेतला असता असे दिसून येते की, श्राव्यता सुधारण्याच्या प्रत्येक कृतीत कोणी कोणाचे ऐकावे याचाही निर्णय गुंतलेला होता.

(२)

वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यातील सेंट स्टीफनच्या प्रार्थनामंदिराचे बांधकाम पहिल्या एडवर्डच्या कारकीर्दीत १२९२ साली सुरू झाले आणि तिसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दीत चौदाव्या शतकाच्या मध्यास पूर्णत्वास गेले. पॅरिस येथील सेंत शापेल या राजमंदिराशी स्पर्धा करण्याची ईर्षा या बांधकामामागे होती. वास्तू दुमजली होती. खालच्या मजल्यावर तळमंदिर, आणि त्यावर सुमारे ९० फूट लांब व ३० फूट रुंद असे अरुंद, उंच, रंगीत काचांच्या खिडक्यांनी उजळलेले मुख्य मंदिर. भिंतींवर सोन्याचा मुलामा दिलेली चित्रे होती. १३४८ साली येथे धर्मगुरूंचे एक पीठ स्थापन झाले व नित्याची उपासना त्यांच्याकडे आली.

अशा उंच दगडी वास्तूत उच्चारलेला स्वर एकदम विरत नाही. तो भिंतींवरून, छतावरून वारंवार परावृत्त होऊन काही काळ रेंगाळतो. या रेंगाळण्यास ध्वनिशास्त्रात अनुरणन म्हणतात. संथ लयीत गाइलेल्या लॅटिन स्तोत्रांना हे अनुरणन पोषक असते. एक स्वर विरण्यापूर्वी दुसरा येऊन त्यात मिसळतो आणि थोड्या कंठांचा आवाज भरदार भासतो. शब्द अस्पष्ट झाले तरी हानी नसते, कारण ते श्रोत्यांना पूर्वीच पाठ असतात आणि ज्याला उद्देशून ते म्हटले जातात त्याला ते ऐकू येण्यास भिंतींच्या साहाय्याची गरज नसते. वादविवादाची गरज याच्या नेमकी उलट असते. तेथे शब्द नवा असतो, त्यातील व्यंजने ऐकू आली नाहीत तर अर्थ हरवतो, आणि मागील शब्दाचे शेपूट पुढच्या शब्दावर पडले की व्यंजनेच प्रथम बुडतात. म्हणून ज्या गुणामुळे एखादी वास्तू उपासनेस उत्तम ठरते, त्याच गुणामुळे ती चर्चेस अयोग्य ठरते. श्राव्यतेचा दोष वास्तूच्या अंगी नसतो. वास्तू आणि तिच्याकडून अपेक्षिलेले काम यांच्या विसंवादातून तो निर्माण होतो.

(३)

सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दीत १५४७ च्या कायद्याने अशी धर्मपीठे बरखास्त झाली, आणि रिकामे झालेले मंदिर लवकरच कॉमन्स सभेच्या स्वाधीन करण्यात आले. तोवर कॉमन्सला स्वतःची जागा नव्हती. वेस्टमिन्स्टर मठाच्या सभामंडपात व भोजनशाळेत तिच्या बैठका होत असत. नव्या जागेत सभासद समोरासमोरच्या रांगांतून बसू लागले, आणि सभापतीचे आसन पूर्वी वेदी होती त्या बाजूस आले. मंदिराचा पश्चिमेकडील भाग बाहेरची ओसरी म्हणून वेगळा झाला. दोन पक्षांनी एकमेकांकडे तोंड करून बसण्याची जी पद्धत आज इंग्लिश लोकशाहीचे लक्षण मानली जाते, तिचा उगम आळीपाळीने स्तोत्रे म्हणणाऱ्या गायकांच्या दोन रांगांत आहे. परस्परसन्मुख बैठकीचा ध्वनीच्या दृष्टीने एक लाभही होता. वक्त्याचे तोंड प्रतिपक्षाकडे असे, आणि ज्याने उत्तर द्यावयाचे त्याच्यापर्यंत आवाज आडोशाशिवाय पोहोचे. स्वतःच्या पक्षातील, पाठीमागे बसलेल्या सभासदांना मात्र त्याची पाठच ऐकावी लागे.

मंदिराच्या अंतर्भागात मूलगामी बदल केला तो क्रिस्टोफर रेन याने, १६९२ साली. छप्पर जीर्ण झाले होते. रेनने भिंतींचा वरचा, उंच खिडक्यांचा थर उतरविला, त्याखाली नवे सपाट छत बसविले, भिंतींना लाकडी फळ्यांचे आवरण दिले आणि दोन्ही बाजूंस सज्जे काढले. १७०७ साली स्कॉटलंडचे ४५ प्रतिनिधी आले, तेव्हा हे सज्जे रुंद करण्यात आले. या कामामागे डागडुजी, ऊब आणि जागा यांचे विचार होते. ध्वनीचा हिशेब करण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते. तरीही परिणाम असा झाला की, आधुनिक ध्वनितज्ज्ञाने सुचविले असते त्यांपैकी बहुतेक उपाय रेनच्या हातून होऊन गेले. छत खाली आल्याने खोलीचे घनफळ घटले. पातळ फळ्या व त्यांमागील पोकळी खालच्या पट्टीतील ध्वनी शोषू लागली. सज्जांनी सपाट भिंतींचे तुकडे केले, आणि त्यांत बसलेल्या माणसांच्या वस्त्रांनी वरच्या पट्टीतील ध्वनी गिळला.

याचा अर्थ नीट कळण्यासाठी दोन शतके पुढे जावे लागते. हार्वर्ड विद्यापीठातील फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेले समजत नसे. त्यावर उपाय शोधण्याचे काम १८९५ साली वॉलेस क्लेमंट सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आले. शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून, ऑर्गनच्या नळीचा स्वर बंद केल्यावर तो किती सेकंद ऐकू येतो हे तो मोजीत असे. १८९८ साली त्याला हाती लागलेला नियम साधा आहे. अनुरणन-काल, म्हणजे ध्वनीची ऊर्जा दशलक्षांशावर येण्यास लागणारा काळ, खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि तीतील एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मीटरच्या मापात मांडल्यास घनफळाला ०.१६ ने गुणावे व गुणाकाराला शोषणाने भागावे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. खोली १८ मीटर लांब, १० मीटर रुंद व ९ मीटर उंच आहे. घनफळ १६२० घनमीटर झाले. भिंती, फळ्या व फर्शी यांचे शोषण ६० चौरस मीटर, आणि प्रत्येक माणसाचे ०.४५ चौरस मीटर धरू. खोलीत ४०० माणसे असतील तर एकूण शोषण २४० येते, आणि अनुरणन-काल सुमारे १.१ सेकंद भरतो. भाषणासाठी हा उत्तम समजावा. त्याच खोलीत केवळ ६० माणसे असतील तर शोषण ८७ वर येते आणि काल ३ सेकंदांपर्यंत चढतो. आता उंची ९ ऐवजी २० मीटर करू व बाकी शोषण तेच ठेवू. भरलेल्या खोलीतही काल २.४ सेकंद होतो, आणि रिकाम्यासारख्या खोलीत साडेसहा सेकंदांच्या पलीकडे जातो. या आकड्यांतून दोन गोष्टी ध्यानात याव्यात. छत खाली आणणे हा फार प्रभावी उपाय आहे. आणि एकच खोली भरलेली असताना व ओस असताना श्रवणाच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या खोल्या असतात. हिंदुस्थानविषयक चर्चेला कॉमन्समध्ये सभासद विरळ असत, ही तक्रार इतिहासाच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. ओस बाके ही अनास्थेची खूण तर होतीच, शिवाय उरल्यासुरल्या श्रोत्यांच्या श्रवणातही त्यामुळे व्यत्यय येत असला पाहिजे.

(४)

रेनच्या छताने आणखी एक गोष्ट घडवून आणली. नवे छत आणि वरचे छप्पर यांच्या मध्ये एक माळा तयार झाला. सभागृहातील मेणबत्त्यांची व माणसांची उष्णता बाहेर काढणे हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. म्हणून छताच्या मध्यावर, झुंबराच्या वरच्या बाजूस, हवा वर जाण्यासाठी मार्ग ठेवण्यात आला होता, आणि माळ्यावर त्या मार्गाभोवती कंदिलाच्या आकाराची एक लाकडी पेटी बांधलेली होती. या पेटीला फटी होत्या.

२ फेब्रुवारी १७७८ रोजी सभागृहातून प्रेक्षकांस बाहेर काढण्याचा प्रसंग आला, आणि त्यानंतर स्त्रियांना प्रेक्षकांच्या सज्जात बसण्यास मज्जाव झाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी स्त्रिया त्या माळ्यावर जाऊ लागल्या. पेटीभोवती बसून, फटींतून खाली पाहत, वर येणाऱ्या धुरकट हवेबरोबर वर येणारे शब्द त्या ऐकत. तुरुंगसुधारणेसाठी विख्यात असलेली एलिझाबेथ फ्राय १८१८ साली तेथे जाऊन आली होती. कादंबरीकार मारिया एजवर्थ हिने १८२२ साली या जागेचे वर्णन लिहून ठेवले आहे. सभागृहाच्या एका अधिकाऱ्याची कन्या फ्रान्सेस रिकमन हिने १८३४ साली काढलेले त्या पेटीचे रेखाचित्र उपलब्ध आहे.

हा प्रकार केवळ गमतीचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. सभागृहाची श्राव्यता व हवा सुधारण्यासाठी जी पोकळी व जे छिद्र निर्माण झाले, त्यातून ज्यांना ऐकण्याचा अधिकार नाकारला होता त्यांनी ऐकण्याची वाट काढली. त्यांची गणना प्रेक्षकांत नव्हती. नियमाच्या दृष्टीने त्या तेथे नव्हत्याच. पण त्यांच्या पत्रांतून व आठवणींतून पार्लमेंटच्या कामकाजाची जी साक्ष मिळते, ती या स्थापत्यविषयक योगायोगामुळे. अलीकडच्या काळात यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी या नष्ट झालेल्या सभागृहाची संगणकीय प्रतिकृती तयार केली, आणि तेथील निरनिराळ्या जागी, माळ्यावरही, आवाज कसा पोहोचत असेल याचे नमुने बांधले. अशा प्रतिकृतीत भिंतीचे शोषण, माणसांची संख्या, उघड्या खिडक्या यांविषयी अनेक अनुमाने करावी लागतात, आणि अनुमान बदलले की निष्कर्ष बदलतो. तरी ‘कोण कोठून ऐकत होते’ हा प्रश्न पुराव्याने तपासता येण्याजोगा आहे, हे त्या कामाने दाखवून दिले.

(५)

माळ्यावरील स्त्रियांप्रमाणेच सज्जातील वार्ताहरांचाही विचार केला पाहिजे, कारण आपले छापील साधन त्यांच्या कानांतून आले आहे. पार्लमेंटमधील भाषणे प्रसिद्ध करणे हा मुळात सभागृहाच्या हक्काचा भंग समजला जाई. १७७१ सालच्या मुद्रकांच्या प्रकरणानंतर ही बंदी व्यवहारात सैल पडली. तरी वार्ताहरास हक्काची जागा नव्हती. १८०३ साली प्रेक्षकांच्या सज्जातील शेवटची रांग त्यांच्यासाठी राखून ठेवण्यात आली. हा सज्जा सभापतीच्या आसनासमोरच्या, म्हणजे सभागृहाच्या दूरच्या टोकास होता. वक्ते सभापतीस उद्देशून बोलत, म्हणजे बहुधा वार्ताहरांकडे पाठ करून. ज्यांच्या लेखणीवर भावी पिढ्यांचे ज्ञान अवलंबून होते, त्यांना अशा रीतीने ऐकण्याच्या दृष्टीने सर्वांत गैरसोयीच्या जागांपैकी एक जागा मिळाली होती.

‘हॅन्सर्ड’ या नावाने ओळखले जाणारे वादविवादांचे खंड १८०३ च्या सुमारास कॉबेटने सुरू केलेल्या संकलनातून उगम पावले. दीर्घ काळ ते वृत्तपत्रांतील वृत्तांतांवरून संकलित होत असत. सभागृहाच्या स्वतःच्या लेखकांकडून शब्दशः वृत्तांत घेण्याची व्यवस्था १९०९ सालची आहे. तेव्हा १८३३ सालच्या भाषणाचा जो पाठ आपण वाचतो, तो सज्जाच्या शेवटच्या रांगेत ऐकलेला, टिपलेला, कार्यालयात विस्तारलेला आणि मग संकलित झालेला पाठ होय. १० जुलै १८३३ रोजी मेकॉलेने हिंदुस्थानच्या राज्यकारभारावर केलेले भाषण पुढे त्याने स्वतः दुरुस्त करून आपल्या भाषणसंग्रहात छापले. म्हणजे एकाच भाषणाचे दोन पाठ झाले, एक कानांचा आणि एक स्मृतीचा व लेखणीचा. ७ फेब्रुवारी १७८७ रोजी शेरिडनने अयोध्येच्या बेगमांच्या प्रकरणावर याच खोलीत पाच तासांहून अधिक काळ केलेले भाषण समकालीनांनी अद्वितीय मानले. त्याचा संपूर्ण शब्दशः पाठ उपलब्ध नाही. उरले आहेत ते सारांश. त्या भाषणाने सभासद इतके हेलावले की, त्या रात्री निर्णय न घेता सभा तहकूब करण्यात आली. भाषणाचा परिणाम इतिहासात नोंदला गेला, भाषण मात्र खोलीतच विरले.

येथे अतिव्याप्तीचा धोका आहे. प्रत्येक पाठभेदाचे खापर अनुरणनावर फोडणे चुकीचे ठरेल. वार्ताहराची लघुलेखनातील गती, संपादकाचा पक्ष, वृत्तपत्रातील जागा ही कारणे कित्येकदा अधिक बलवान असत. परंतु साधनाची चिकित्सा करताना लेखक कोण, तो कोणत्या पक्षाचा, एवढेच विचारून आपण थांबतो. तो कोठे बसला होता आणि तेथे काय ऐकू येत असे, हाही प्रश्न त्या यादीत असावयास हवा.

(६)

१६ ऑक्टोबर १८३४ रोजी, हिशेबाच्या जुन्या खाचपट्ट्या लॉर्ड्स सभागृहाखालील भट्टीत जाळीत असता लागलेल्या आगीत वेस्टमिन्स्टरचा राजवाडा बव्हंशी भस्म झाला. सेंट स्टीफनच्या भिंती उभ्या राहिल्या, पण सभागृह संपले. रॉबर्ट स्मर्क याने लॉर्ड्सचे आगीतून वाचलेले जुने दालन डागडुजी करून कॉमन्ससाठी तात्पुरते सिद्ध केले, व १८३५ च्या फेब्रुवारीत तेथे बैठका सुरू झाल्या. याच दालनात वार्ताहरांना प्रथमच स्वतंत्र सज्जा मिळाला, आणि तो सभापतीच्या आसनाच्या मागे, वर होता. वक्त्यांची तोंडे आता त्यांच्याकडे झाली. हा बदल ध्वनिशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात नमूद नसला तरी छापील वादविवादांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे.

दालन मात्र पुन्हा दुसऱ्याच कामासाठी बांधलेले, उंच व कोंदट होते. एडिंबरो येथील रसायनशास्त्राचा अध्यापक डेव्हिड बॉझवेल रीड याने स्वतःच्या वर्गशाळेत हवा व ध्वनी यांविषयी प्रयोग केले होते. १८३५ साली कॉमन्सच्या समितीपुढे त्याची साक्ष झाली, आणि १८३६ साली दालनात फेरफार करण्याचे काम त्याच्याकडे आले. रीडने जुन्या छताखाली काचेचे दुसरे छत बसविले व त्याच्या दोन्ही बाजू उतरत्या ठेवल्या. फर्शीला असंख्य बारीक छिद्रे पाडून तीवर केसांचे विरळ विणीचे जाजम घातले. ताजी हवा या छिद्रांतून हलकेच वर येई, छतातून निघून जाई आणि बाहेर उभारलेल्या उंच धुराड्याच्या ओढीने बाहेर पडे. श्रवणाच्या दृष्टीने पाहता, खाली आलेल्या उतरत्या छतावरून वक्त्याचा आवाज त्वरित बाकांकडे परत येई, आणि जाजम पावलांचा आवाज व उरलेला ध्वनी गिळून टाकी.

रीडचे वैशिष्ट्य असे की, हवा आणि ध्वनी हे दोन प्रश्न त्याने एकत्र हाताळले. खिडक्या उघडाव्यात तर नदीवरील व रस्त्यावरील गोंगाट आत येतो, मिटाव्यात तर माणसे गुदमरतात. म्हणून ऐकू येण्याची सोय श्वासाच्या सोयीपासून अलग करता येत नाही. रेनच्या काळी जे नकळत घडले होते ते रीडने हेतुपुरस्सर केले. सॅबिनच्या नियमाच्या साठ वर्षे आधी, मोजमापाची साधने नसताना, जुन्या दालनाची श्राव्यता हे स्वतंत्र उद्दिष्ट मानून केलेले ते काम आहे. हवेविषयी सभासदांच्या तक्रारी पुढेही चालूच राहिल्या, परंतु तात्पुरते म्हणून उभारलेले ते सभागृह सोळा वर्षांहून अधिक काळ उपयोगात राहिले.

(७)

यानंतरचा प्रसंग फार बोलका आहे. चार्ल्स बॅरी याने नव्या राजवाड्यात कॉमन्ससाठी नवे सभागृह बांधले. जुन्या मंदिराची समोरासमोरची बैठक त्याने जशीच्या तशी ठेवली, कारण ती आता परंपरा झाली होती. छत मात्र त्याने नव्या वास्तूच्या भव्यतेस साजेल असे उंच ठेवले. ३० मे १८५० रोजी तेथे प्रायोगिक बैठक भरली, आणि बोललेले ऐकू येत नाही अशी ओरड झाली. चौकशीअंती बॅरीला आपले अलंकृत छत झाकून त्याखाली उतरत्या बाजूंचे दुसरे छत बसवावे लागले. त्यामुळे खिडक्यांचा वरचा भाग छताआड गेला. ३ फेब्रुवारी १८५२ रोजी सभागृह रीतसर वापरात आले ते अशा दुरुस्त रूपात. रेनने आणि रीडने जुन्या वास्तूंत जे केले होते, तेच बॅरीला नव्याकोऱ्या वास्तूत करावे लागले. परंपरेचे बाह्य रूप त्याने उचलले होते, पण ते रूप कामास येण्याचे कारण, म्हणजे खाली आणलेले छत, त्याच्या नजरेतून सुटले.

नव्या सभागृहात स्त्रियांसाठी सज्जा होता. तो वार्ताहरांच्या सज्जावर, जड धातूच्या जाळीमागे होता. माळ्यावरच्या पेटीची जागा जाळीने घेतली. २८ ऑक्टोबर १९०८ रोजी मताधिकारासाठी झगडणाऱ्या म्यूरिएल मॅटर्स व हेलन फॉक्स यांनी स्वतःला या जाळीशी साखळदंडाने जखडून घेतले, आणि तेथून त्यांचा आवाज उलट दिशेने, वरून खाली, सभागृहात पोहोचला. जाळी १९१७ साली काढण्यात आली. याच सभागृहात १८९२ ते १८९५ या काळात दादाभाई नौरोजी सभासद म्हणून बसले, हेही येथे स्मरण करण्याजोगे आहे.

१९४१ च्या मे महिन्यातील १० व ११ तारखांच्या मधल्या रात्री बाँबहल्ल्यात बॅरीचे सभागृह नष्ट झाले. २८ ऑक्टोबर १९४३ रोजी चर्चिल यांनी असे मत मांडले की, नवे सभागृह आयताकृती व लहानच असावे, सर्व सभासदांना पुरेशी आसने त्यात नसावीत, म्हणजे चर्चेला संभाषणाचे स्वरूप राहील. जाईल्स गिल्बर्ट स्कॉट याने त्याच बेताने ते उभारले. २६ ऑक्टोबर १९५० रोजी ते उघडले तेव्हा छताखाली ध्वनिग्राहक टांगलेले होते आणि बाकांच्या पाठींत लहान ध्वनिक्षेपक बसविलेले होते. छत खाली आणण्याच्या उपायाच्या जोडीला आता आवाज प्रत्येकाच्या कानापाशी नेण्याचा उपाय आला.

(८)

या सुधारणांची किंमत कोणी दिली, हे पाहिल्यावाचून विवेचन पुरे होणार नाही. १८०० साली आयर्लंडच्या १०० प्रतिनिधींसाठी जागा करावयाची होती. जेम्स वायट याने मंदिराच्या भिंती आतून तासून पातळ केल्या. फळ्या काढताच त्यांमागे चौदाव्या शतकातील चित्रे आढळली. चित्रकारांनी घाईघाईने त्यांच्या नकला घेतल्या, आणि बहुतेक चित्रे भिंतींच्या दगडांबरोबर गेली. थोडे अवशेष ब्रिटिश म्यूझियममध्ये आहेत. रेनच्या फळ्यांनी चित्रे झाकली होती, पण शतकाहून अधिक काळ ती सुरक्षितही ठेवली होती. वायटच्या कामाने ती नाहीशी झाली. झाकणे आणि छाटणे यांतील हा भेद जुन्या वास्तूंचे रूपांतर करणाऱ्या प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावा. अस्तर पुढे काढता येते, कापलेली भिंत परत आणता येत नाही.

एकंदर विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ‘चांगली श्राव्यता’ असा वास्तूचा निरपेक्ष गुण नसतो. स्तोत्र, वाद, व्याख्यान, संगीत यांपैकी काय ऐकावयाचे आहे हे ठरल्यावाचून सुधारणेला अर्थ नाही. दुसरा असा की, कोणाला ऐकू यावयाचे आहे हेही त्याबरोबरच ठरत असते. सभासदाला, वार्ताहराला आणि माळ्यावरील स्त्रीला सेंट स्टीफन ही तीन वेगळी सभागृहे होती. तिसरा निष्कर्ष आपल्या शास्त्रापुरता आहे. सभागृहात बोलला गेलेला शब्द साधन म्हणून वापरताना त्या सभागृहाचा नकाशा समोर असावा.

दिल्लीतील जुन्या संसदभवनाचा मध्यवर्ती कक्ष मुळात ग्रंथालय होता. १९४६ साली त्याचे रूपांतर संविधानसभेच्या सभागृहात करण्यात आले, आणि ९ डिसेंबर १९४६ पासून तेथे सभेच्या बैठका झाल्या. शांततेसाठी योजलेली घुमटाखालील वर्तुळाकार जागा वादविवादासाठी वापरण्यात आली. २०२३ साली संसदेचे कामकाज नव्या इमारतीत गेले व जुन्या वास्तूस संविधान सदन हे नाव मिळाले. संविधानसभेच्या वृत्तांताचे खंड वाचणाऱ्या विद्यार्थ्याने एकदा त्या घुमटाखाली उभे राहावे आणि कोणता सभासद कोठे बसत असे, ध्वनिग्राहक कोठे होते, वृत्तांतलेखक कोठे होते, हे शोधून पाहावे. सेंट स्टीफनच्या जागी आज बॅरीने बांधलेले दालन आहे, आणि त्याच्या फर्शीत बसविलेली पितळी चिन्हे सभापतीचे आसन कोठे होते एवढेच दाखवितात. दिल्लीतील वास्तू अद्याप उभी आहे, आणि तेथे हा प्रश्न प्रत्यक्ष जागेवर विचारता येतो.